इंटरमिजिएटनंतर सुटलेला जलरंग : पुन्हा हाती घेताना

रेघोट्या (धागाकर्ता)

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षा, मग दहावी आणि रंगपेटी माळ्यावर. आपल्याकडच्या कितीतरी हौशी चित्रकारांची कुंडली एवढीच. पुढे चाळिशी-पन्नाशीत हात शिवशिवायला लागतात, माणूस दुकानात जातो आणि शाळेत होतं तेच सामान घेऊन येतो: ड्रॉइंग पेपरची वही, बारा वड्यांची पेटी, चार आणि आठ नंबरचे ब्रश, वर पोस्टर कलरची पांढरी बाटली. दोन रविवार आभाळ रंगवून बघतो. कागदाचा पापड होतो, आभाळात डाग पडतात. ‘हातातून गेलं ते’ म्हणून पेटी परत माळ्यावर.

यात हाताचा दोष थोडा आणि कागदाचा फार. म्हणून या धाग्यात सामान, पद्धत आणि कुणाची चित्रं कशी बघावीत एवढंच जमा करू या. सुरुवात मी करते.

कागद. साधा ड्रॉइंग पेपर १२०-१५० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), लाकडाच्या लगद्याचा. पाणी लागलं की तंतू फुगतात, ओला भाग वर उचलला जातो, रंग खळग्यात साठतो आणि वाळताना खळग्याच्या कडेला गडद रेघ उमटते. ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पोताचा) कागद घ्या. पूर्ण शीट २२ × ३० इंचांची असते. तिचे आठ तुकडे केले की साडेसात × ११ इंचांचा एक पडतो. पहिले सहा महिने या मापाच्या वर जाऊ नका. पाठीमागची बाजूही वापरता येते, म्हणजे एका शीटमध्ये सोळा चित्रं.

रंग. सात ट्यूब पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, लाइट रेड किंवा कॅडमियम रेड, क्विनाक्रिडोन रोझ, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू, बर्न्ट सिएना. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा येतो तो सह्याद्रीच्या कातळाला चपखल बसतो. निळा जास्त घातला की पावसाळी ढग, तांबडा जास्त घातला की उन्हातला कातळ. पांढराही नको. जलरंगात पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद, आणि तो कुठे सोडायचा हे पेन्सिलने आधी ठरवावं लागतं.

सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर. पहिला महिना फक्त हा करा, कंटाळा आला तरी.

बोर्डाच्या वरच्या कडेखाली दोन-अडीच इंचांचा ठोकळा लावून उतार द्या. रंग आधी वाटीत कालवून ठेवा. आभाळाला दोन मोठे चमचे रंग लागत असेल तर तीन करा, कारण मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही आणि तोवर वरची कड वाळते. १२ नंबरचा गोल ब्रश पूर्ण भिजवून डावीकडून उजवीकडे एकच आडवा फटकारा. त्याच्या खालच्या कडेला रंगाचा थेंब लोंबकळत राहिला पाहिजे, मण्यांच्या सरीसारखा. पुढचा फटकारा त्या थेंबाला अर्धा इंच शिवून जातो आणि थेंब खाली ओढून नेतो. शेवटी उरलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. मग हात मागे! ओल्या वॉशमध्ये ‘इथे जरा फिकं झालं’ म्हणून परत ब्रश घालणं ही सगळ्यात मोठी चूक. वाळल्यावर रंग तसाही एक छटा उतरतो, त्यामुळे ओला असताना थोडा भडक दिसला तरच तो बरोबर.

---

घाटमाथा

उत्तम सुरुवात. डागांचं कारण जोडतो, कारण ‘डाग पडतात’ एवढंच सगळे सांगतात.

वाळणाऱ्या वॉशच्या तीन अवस्था असतात. पहिल्यात कागदावर पाणी चमकतं, आरशासारखं. तेव्हा दुसरा रंग सोडला तर तो मऊ पसरतो. दुसऱ्यात चमक गेलेली, पण कागद अजून गार आणि ओलसर. तिसऱ्यात पूर्ण कोरडा. घात होतो तो दुसऱ्या अवस्थेत. ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा जास्त असेल तर ते बाहेर पसरतं, अर्धवट बसलेले रंगकण ढकलत नेतं आणि कातरलेल्या कडेचा डाग तयार होतो. म्हणजे चमक गेल्यावर काही करायचंच असेल तर ब्रशमध्ये पाणी कमी आणि रंग दाट. नाहीतर थांबा.

कोणती अवस्था आहे ते डोळा कागदाच्या पातळीला आणून, तिरक्या उजेडात बघा. वरून कळत नाही. बोट लावून बघायचं असेल तर बोटाची मागची बाजू आणि कागदाचा कोपरा.

---

मोरपंखी

एक असहमती. सात चांगल्या ट्यूब आणि कॉटन कागद एकदम आणायला सांगितलं की माणूस खर्चाच्या धाकानेच रंगवत नाही. महाग कागदासमोर हात आखडतो. पेटीतल्या वड्या चालतात की!

---

रेघोट्या

वड्या चालतील, कागदात तडजोड नको. पैसे कमी असतील तर क्रम असा: आधी कागद, मग एक बरा ब्रश, रंग शेवटी. स्वस्त रंगात भरताड जास्त, म्हणून दोन थरांनंतर खडूसारखा दिसतो. पण चांगल्या कागदावर त्यानेही वॉश सरळ येतो. उलट उत्तम रंग घेऊन साध्या कागदावर बसलात तर काहीच धड होत नाही.

ब्रशही एकच पुरे. १० किंवा १२ नंबरचा गोल, ओला करून झटकल्यावर ज्याला टोक येतं तो. सिंथेटिकमध्येही असे मिळतात. दुकानात पाण्याची वाटी मागायला लाजू नका.

---

शाईचा डाग

कागद ताणण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. पाव शीटच्या (११ × १५ इंच) वर जाणाऱ्यांनी हे शिकावंच. ३०० जीएसएमसुद्धा मोठ्या मापात फुगतो (६४० जीएसएमला ताणायची गरज नसते, पण त्याची किंमत बघून घाम फुटतो).

कागद स्वच्छ पाण्यात तीन ते पाच मिनिटं बुडवा. एका कोपऱ्याने उचलून पाणी निथळू द्या. १२ मिमी प्लायवर पसरा, हवा मधून कडेकडे काढा. पाणी लावून चिकटवायची तपकिरी गमटेप दोन इंच रुंदीची घ्या, अर्धी कागदावर, अर्धी प्लायवर. साधी मास्किंग टेप ओल्या कागदाला धरत नाही, तिथे वेळ घालवू नका. पट्ट्या आधी कापून ठेवा, ओल्या हातांनी कापायला गेलात की रीळच चिकटून बसतं.

नंतर प्लाय आडवा ठेवून रात्रभर वाळवायचा. भिंतीला उभा टेकवला तर पाणी खालच्या कडेला उतरतं, ती टेप सुटते आणि सकाळी कागद एका बाजूने ताठ, दुसऱ्या बाजूने लोळलेला. हेअर ड्रायर मारला तरी तेच, कारण मध्य आधी आकसतो आणि कडेची टेप उचकटते. चित्र पूर्ण वाळल्यावरच टेपच्या आत सुरीने कापून काढा, समोरासमोरच्या कडा आधी.

---

सिंधुदुर्गकर

घाटावरच्या मंडळींना कोकणातल्या जुलैची कल्पना नाही. मे महिन्यात पाच मिनिटांत वाळणारा वॉश इथे अर्धा-पाऊण तास ओलसर राहतो, म्हणजे घाटमाथा म्हणतात ती दुसरी अवस्था संपता संपत नाही. इलाज सोपा आहे: एकावेळी दोन चित्रं घ्या. एकाचं आभाळ वाळेपर्यंत दुसऱ्याचं रेखाटन.

मोठी अडचण साठवणीची. कागदाने पाणी लगेच शोषू नये म्हणून त्याला बहुधा जिलेटिनचा थर दिलेला असतो, त्याला साइझिंग म्हणतात. दमट हवेत ते कुजतं. कागद वरून पांढराशुभ्र दिसतो, पण वॉश टाकला की टीपकागदासारखे गडद ठिपके उमटतात, आणि चित्रकार स्वतःला दोष देत बसतो. कागद आणल्या दिवशी झिप पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पिशवी कपाटात मधल्या कप्प्यात. बाहेरच्या भिंतीला लागून नको, जमिनीवर तर नकोच. तपासायचं तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. दोन-तीन मिनिटं फुगीर राहिला तर कागद ठीक, लगेच पसरून आत गेला तर साइझिंग गेलं. असा कागद टाकू नका. अर्धा लिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम बिनसाखरेचं, बिनरंगाचं जिलेटिन विरघळवून रुंद ब्रशने एक हात द्या, वाळवा. सरावाला चालतो. त्यात तुरटी घालतात, पण तुरटी आम्ल असते, कागद पुढे पिवळा पडतो. टिकवायच्या चित्राला घालू नये.

वड्यांवर बुरशी आली तर वरचा थर ओल्या ब्रशने धुऊन टाका, पेटी उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा, प्रत्येक वडीवर काडीच्या टोकाने लवंगेच्या तेलाचा अगदी बारीक थेंब. ओली पेटी कधीही बंद करू नये, एवढं पाळलं तरी निम्मा त्रास टळतो.

जांभ्याच्या रंगाचं विचारणार कुणीतरी, म्हणून आधीच: बर्न्ट सिएना + थोडा क्विनाक्रिडोन रोझ, सावलीत त्यातच अल्ट्रामरीन. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत बसतात, त्यामुळे दगडाची भोकं वेगळी काढावी लागत नाहीत.

---

पाणीदार

सामानाचं झालं. आता कुणाची चित्रं बघायची? मोबाइलवर रोज पन्नास जलरंग बघून डोळ्याला अपचन होतं, हात तिथेच.

---

घाटमाथा

मूळ चित्र बघा, छापील नको. छपाईत कागदाचा पोत आणि थरांची पारदर्शकता दोन्ही जातात.

सावळाराम हळदणकरांची निरांजनवाली बाई कॅलेंडरवर सगळ्यांनी पाहिलेली असते. ती तैलचित्र आहे आणि रविवर्म्याची आहे असं सांगणारेही भेटतात. ती जलरंगात आहे, हळदणकरांची आहे, १९४०च्या दशकातली, त्यांच्या मुलीला समोर उभं करून केलेली. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तिथे उभं राहून बघायचं ते असं: ज्योतीवर आडव्या धरलेल्या हाताची बोटं. उजेड बोटांतून येतो म्हणून तिथे तांबूस ऊब आहे. ज्योत सगळ्यात फिकी, तिच्यापासून लांब जावं तसे टोन (फिकट-गडदपणा) पायरीपायरीने उतरत जातात. उजेड ‘रंगवलेला’ कुठेच नाही, आजूबाजूचं गडद करून तो मिळवलाय. घरी येऊन दोन × तीन इंचांच्या चौकटीत फक्त तीन टोनमध्ये (कागद, मधला, गडद) त्याची मांडणी पेन्सिलने करा. चेहरा काढू नका. या एका सरावातून जे कळतं ते दहा व्हिडिओंत मिळणार नाही.

निसर्गचित्रासाठी कोल्हापूर. आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, पण कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ याच परिसरात ते पुन्हा पुन्हा जात राहिले. टाउन हॉल म्युझियममध्ये त्यांची चित्रं आहेत. बघायचं ते पाणी आणि आभाळाची गाठ: पाण्यातलं प्रतिबिंब आभाळापेक्षा किंचित गडद, गडद झाडांचं प्रतिबिंब मात्र झाडापेक्षा किंचित फिकं. हौशी माणूस दोन्ही सारखंच रंगवतो आणि तळं आरशासारखं खोटं दिसतं.

---

मोरपंखी

कोल्हापुरात गेलाच आहात तर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयही. सिनेमातले नट म्हणून माहीत असतात, निसर्गचित्रांत पावडर शेडिंग किती केलंय ते तिथे दिसतं. रंगाची भुकटी चोळून केलेलं काम. जलरंगवाल्यांनी त्यात दूरच्या डोंगरांच्या कडा बघाव्यात, कुठे धूसर केल्यात आणि कुठे नेमक्या ठेवल्यात.

आणि सातारा जिल्ह्यातलं औंध. बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) संस्थानचे राजे, पण जन्मभर स्वतः चित्रं काढत राहिलेला माणूस. १९३८ साली संग्रहालय उभं केलं, त्यात रविवर्मा, धुरंधर या चित्रकारांची चित्रं आहेत. कारभार सांभाळून हौस कशी टिकवावी याचं आपल्याकडे याहून ठसठशीत उदाहरण कुठलं?

---

शाईचा डाग

राजाला वेळ असतो हो. :)

बाकीच्यांसाठी वीस मिनिटांचा हिशेब: ए५ वही, एक पेन्सिल, एक ब्रश, तीन रंग. पाच मिनिटं छोटी चौकट, बारा मिनिटं रंग, तीन मिनिटं कडेला नोंद (तारीख, वेळ, कोणते रंग, काय बिघडलं). नोंद टाळू नका. तीन महिन्यांनी तीच चूक सात वेळा लिहिलेली दिसली की कशाचा सराव हवा ते वेगळं विचारावं लागत नाही. विषयही बदलू नका. खिडकीतलं एकच झाड सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच.

बाहेर बसणार असाल तर सावल्या पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलने आखून टाका. नंतर त्या सरकल्या तरी आखलेल्याच रंगवायच्या. सरकत्या सावलीच्या मागे लागलं की एकाच वाड्यावर दोन सूर्य येतात.

---

रेघोट्या

यात एक भर. इंटरमिजिएटमध्ये सगळ्यात नावडता विषय ‘स्मरणचित्र’. आणि पुढे सगळ्यात उपयोगी तोच, असं माझं ठाम मत. पद्धत: बस स्टॉप, भाजीवाली, काहीही दोन मिनिटं नीट बघा. मनात चार प्रश्न विचारा: उजेड कुठून, सगळ्यात गडद काय, डोळ्याच्या रेषेच्या वर काय आणि खाली काय, डोकं हे माप धरलं तर माणसाची उंची किती डोकी. घरी येऊन काढा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन चित्र शेजारी धरा. जे काढता आलं नाही ते मुळात बघितलंच नव्हतं. फोटोवरून काम करणाऱ्यांना ही खोट कधी कळत नाही, कारण फोटो सगळं पुरवतो.

---

बर्फाळ

कॅनडातून एक तळटीप. शून्याखाली बाहेर बसलं तर वॉशमध्ये पाण्याचे स्फटिक होतात. इथले लोक पाण्यात थोडी व्होडका मिसळतात, गोठणबिंदू खाली जातो. अल्कोहोल लवकर उडतं, त्यामुळे वॉश छोटे ठेवा. बर्फाची सावली करडी करू नका, अल्ट्रामरीनमध्ये गुलाबीचा स्पर्श द्या.

---

पाणीदार

व्होडकेसाठी बर्फाची वाट कशाला बघायची!

गंभीर प्रश्न: चित्र टिकवायला लॅमिनेट करून घ्यावं का? कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला स्वस्तात करतो.

---

घाटमाथा

नाही, नाही, नाही. उष्णतेने प्लास्टिक कागदाच्या तंतूंत घुसतं, परत काढता येत नाही. आत ओल अडकली तर बुरशीही आतच वाढते.

फ्रेम करा. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये आम्लविरहित माउंटबोर्ड (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवा. काच टेकली की पावसाळ्यात रंग काचेला चिकटतो. मागे थेट प्लाय किंवा हार्डबोर्ड लावू देऊ नका, काही वर्षांत तपकिरी डाग पुढे येतात. मध्ये आम्लविरहित कागद घालायला सांगा. फ्रेमवाला ‘काही होत नाही’ म्हणेल. आग्रह धरा. उन्हाची आणि ओल येणारी भिंत टाळा. संग्रहालयांत जलरंगांवर उजेड साधारण ५० लक्सच ठेवतात, म्हणून त्या खोल्या अंधाऱ्या वाटतात.

रंग उडतो का तेही घरी तपासता येतं. जाड कागदाच्या पट्टीवर सगळे रंग लावा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाका, दक्षिणेच्या खिडकीत तीन महिने. मूळ अलिझरिन क्रिमसन (ट्यूबवर रंगद्रव्याचा अंक पीआर ८३) आणि फ्लुरोसंट रंग पहिले उतरतात. त्यासाठीच वर क्विनाक्रिडोन सांगितलाय, त्याचा अंक पीव्ही १९.

---

मोरपंखी

साठीनंतर सुरू करणाऱ्यांसाठीही लिहा कुणीतरी. हात थरथरतो, बायफोकलमधून अर्धा कागद धूसर दिसतो.

---

सिंधुदुर्गकर

थरथरणाऱ्या हातासाठी: बारीक रेघ बोटांनी ओढू नका, खांद्यातून ओढा. मनगटाखाली आधाराची काठी धरा, तिचं एक टोक बोर्डाच्या कडेवर टेकवून. ब्रशची दांडी बारीक वाटत असेल तर तिच्यावर फोमची नळी चढवा, सांध्यांना पकड सोपी जाते. वाळलेल्या ब्रशने कागदाच्या पोतावर घासून गवत, साल, लाटांचा फेस निघतो, त्यात थरथर उलट कामाला येते.

चष्मा: बायफोकल काढा, डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजून (बहुधा १८ ते २२ इंच) तेवढ्यासाठी एकच नंबर करून घ्या. डॉक्टरांना अंतर आकड्यात सांगा, ‘जवळचा’ म्हटलं की पेपर वाचायचा नंबर देतात.

मोतीबिंदू असेल तर निळा मळकट आणि सगळं पिवळसर दिसतं, आणि माणूस नकळत रंग बदलतो. फ्रेंच चित्रकार मोनेचं तेच झालं होतं. १९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. उपाय: पॅलेटवर रंगांच्या जागा कायमच्या ठरवा, खाली मार्करने नावं लिहा, आणि मिश्रण डोळ्यावर न सोडता मापाने करा. दोन ब्रश निळा, एक ब्रश सिएना, असं.

---

पाणीदार

एक राहिलं. गमटेप आमच्या गावात मिळत नाही. पर्याय?

---

शाईचा डाग

पाव शीटपर्यंत चिमटे चालतात. कागद दोन्ही बाजूंनी ओला करा, पाच मिनिटं मुरू द्या, कागदापेक्षा पाव इंच लहान प्लायवर पसरून कडा मागे दुमडा आणि चारी बाजूंना मिळून दहा-बारा बुलडॉग क्लिप लावा. रंगवताना कागद सैल पडला की एकेक क्लिप काढून कड ओढायची, परत लावायची. आणि क्लिप स्टेनलेस स्टीलच्या घ्या, लोखंडी असतील तर ओल्या कागदावर गंजाचे ठिपके पडतात.